खदीजाबीच्या झाडाचं लेकरू

तोंडात दंतमंजन, हातात पाण्याचा तांब्या, आणि सातव्या डब्यातल्या रोपाच्या कळीला चीर पडलेली. दौलत जागच्या जागी थांबला. मंजनाचा गुलाबी फेस हनुवटीवरून बनियनवर ओघळला तरी त्याला पत्ता नाही. काल संध्याकाळपर्यंत ही कळी हिरवीगार होती, तान्ह्या पोराच्या मुठीसारखी घट्ट. आणि आता त्या हिरव्यातून रंगाची एक रेघ बाहेर आलेली, नखाएवढी. कुठला रंग ते सांगता येईना. तो उकिडवा बसला, मान वाकडी करून बघितलं, मग उठून दुसऱ्या बाजूनं बघितलं. लाल म्हणावं तर लाल नाही, पिवळा तर नाहीच नाही. ऊन अजून पत्र्यावरून खाली उतरलं नव्हतं, त्या अर्धवट उजेडात ती रेघ घडीत तपकिरी दिसायची, घडीत जांभळट. त्याच्या छातीत कुणीतरी लूमचं बटण दाबल्यासारखी खडखड सुरू झाली. 'आई,' तो फेस उडवत ओरडला, 'आई, बाहेर ये! रंग दिसला!' जाईबाई पिठाचे हात घेऊन दारात आली. ती बालवाडीत मदतनीस होती, पन्नास पोरांच्या ओरडण्याची तिला सवय होती, पण स्वतःचा सव्वीस वर्षांचा पोरगा असा ओरडला की ती घाबरायची. 'काय झालं रे? साप निघाला का?' 'साप कशाला, रंग निघाला रंग!' ती वाकली, डोळे बारीक करून बघितलं आणि म्हणाली, 'उद्या सकाळी उघडेल बघ. आणि तोंड धू आधी. चौतीस घरांची वस्ती बघतेय तुझं हे सोंग.'

वस्ती बघतच होती, गेली तीन वर्षं. घराच्या मागं नाल्याच्या बाजूला जी पाच हात जागा होती तिथं दौलतनं रंगाचे जुने डबे, फुटका हंडा, तेलाचे पत्र्याचे डबे असं सगळं मांडून त्यात जास्वंदी लावल्या होत्या. लोक म्हणायचे, मोगरा लाव, निदान बायका गजरा तरी करतील. पण त्याला जास्वंदच पाहिजे होती, आणि तीही नुसती लावायची नव्हती, नवी करायची होती. जगात नव्हती तशी. हे खूळ कुठून आलं म्हणाल तर एका रद्दीवाल्याकडून. रद्दीतून त्यानं एक इंग्रजी पुस्तक आणलं होतं, अर्धी पानं गायब, पण चित्रं शाबूत. एका फुलाच्या मधल्या दांड्यावरची पिवळी पूड उचलायची, दुसऱ्या फुलाच्या दांड्याच्या टोकाला जे पाच मखमली ठिपके असतात त्यांना लावायची, बस्स. बोंड धरलं तर बी मिळतं, आणि एका बोंडातल्या दोन बियासुद्धा एकसारख्या निघत नाहीत. हे वाक्य त्यानं डिक्शनरी घेऊन चार रात्री लावलं होतं, आणि लागलं तेव्हा तो अंथरुणात उठून बसला होता. सख्खी भावंडं, पण एकाचं तोंड दुसऱ्यासारखं नाही! मग सुरू. पहिलं सगळं वर्ष वाया गेलं. एकही बोंड धरेना, पूड लावली की फुलं तिसऱ्या दिवशी गळून पडायची. मग एकदा कामावर असताना स्वतःच्या बोटांकडं लक्ष गेलं. त्याचं काम तार सांधायचं. लूमवरचा बीम, म्हणजे तारांचा रूळ, संपला की नव्या बीमची तार जुन्या तारेला जोडायची, एकेक करून, अडीच-तीन हजार तारा, आणि बोटं घसरू नयेत म्हणून राखेत बुडवायची. सात वर्षांत ती राख त्याच्या बोटांच्या रेषांत जाऊन बसलेली. त्याच बोटांनी तो रोज सकाळी फुलांची लग्नं लावत होता. पुडीसंगं राख! हसावं का रडावं. त्या दिवशी त्यानं बोटं साबणानं, दगडानं, लिंबानं घासली, इतकी की संध्याकाळी तार सांधताना झोंबत होती. आणि थंडी पडल्यावर बोंडं धरली.

तो हे आठवत तोंड धूत होता तेवढ्यात नाल्यावरच्या फळीवरून नवशा आला. नवशा दौलतच्याच कापडाच्या कारखान्यात लूम चालवायचा, मानकोलीकडच्या गावातून सायकल मारत यायचा आणि येताना सगळ्या गावाच्या बातम्या घेऊन यायचा. 'काय भटजी, आज कुनाचं लगीन लावलंस?' 'आमच्यात भटजी नसतो रे.' 'मंग भंतेजी. काय फरक परतो, लगीन लावल्याशी मतलब.' आणि सायकल भिंतीला टेकवून त्यानं सहज सांगितलं, 'शेठनं निरोप दिलाय. म्हातारी उद्या चालली मुंब्र्याला. नवीन बिल्डिंगमंदी. सकाळी नऊच्या आत रिक्षा करून हितं येनार हाय ती, तुझ्याकरं. बोलली, दवलतकरं माझ्या झाराचा बच्चा हाय, तो घेऊनच जाईन.' दौलतच्या हातातला तांब्या तसाच राहिला. 'उद्या?' 'उद्याच. का रं, तोंड का उतरलं?' 'नाही, काही नाही,' दौलत म्हणाला, आणि परत कळीकडं बघितलं. उद्याच कळी उघडणार, उद्याच खदीजाबी येणार. म्हणजे हे असं एकाच सकाळी येऊन आदळायचं होतं तर. भीती वाटली, पण खरं सांगायचं तर त्या भीतीतसुद्धा आनंदाच्या उकळ्या फुटत होत्या. कळीची ती रेघ डोळ्यांसमोरून हलेना.

खदीजाबी म्हणजे शेठची आई. शेठ नूर मोहम्मद. धामणकर नाक्याच्या मागच्या गल्लीत त्यांचं कौलारू घर आणि घराला लागूनच कारखाना, चोवीस लूमचा. नूरुद्दीन शेठ, म्हणजे खदीजाबीचे मालक, शेठचे वडील, गेले तेव्हा दौलत कामाला नवीन होता. त्यांच्या माघारी ती अंगणात एका लोखंडी खुर्चीवर बसायची आणि कामगारांना पाणी हवं असलं तर माठाकडं बोट दाखवायची. एकदा पाणी प्यायला गेलेला दौलत माठाकडं गेलाच नाही. माठाच्या पलीकडं झाड होतं. माणसाच्या डोक्याच्या वर गेलेलं, आणि त्यावर सात-आठ फुलं, जेवणाच्या ताटलीएवढी. कडेला पिवळी झालर, मध्ये धूर. म्हणजे खरंच धूर, चुलीतून निघतो तसा निळा-जांभळा-राखाडी, आणि अगदी आत पोटात रक्तासारखा लाल ठिपका. त्याला त्या दिवशी तार दिसेना. डोळे मिटले की धूर. दुसऱ्या दिवशी धीर करून विचारलं, 'चाची, हे झाड कुठून आणलं?' म्हातारी खूश झाली. दहा वर्षांत हे कुणी विचारलंच नव्हतं म्हणाली. 'आमच्या शेठनी आनला होता, बंगलोरशी. सूत बघाला गेलेले, सुताच्या ऐवजी झार घेऊन आले. गाडीमंदी दोन दिवस मांडीवर ठेवला. मी बोलली, ह्या वयात मना फूल देता, लाज न्हाय वाटत?' आणि ती हसली तेव्हा तिचे पानानं रंगलेले दोन दात दिसले, आणि दौलतला का कोण जाणे ते दात त्या फुलाच्या पोटातल्या ठिपक्यासारखे वाटले.

मग तो रोज पाच मिनिटं झाडापाशी. फांद्या कापून नेल्या, मातीत लावल्या, वाळूत लावल्या, काचेच्या बरणीखाली झाकल्या. सगळ्या कुजल्या. हे झाड दुसऱ्या जास्वंदीच्या मुळावर कलम केलेलं होतं, स्वतःचं मूळ धरायला तयार नव्हतं. फांदी वाकवून मातीत दाबून बघितली, फांदीवरच ओली माती बांधून गुटी करून बघितली, कलम करायचं तर हात बसलेला नव्हता, तीन कलमं वाळून गेली. आणि एका दिवाळीनंतर शेठनं अंगणात दोऱ्या ताणून चुन्यानं रेघा मारल्या. आणखी आठ लूम बसवायचे होते. चुन्याची रेघ झाडाच्या बुंध्याच्या त्या बाजूनं गेली होती. झाड आतल्या बाजूला, म्हणजे तोडलं जाणार. खदीजाबी खुर्चीवर बसून रेघ बघत होती. दौलतला वाटलं ती भांडेल. ती भांडली नाही. 'लूम आला तर भाकर हाय,' एवढंच बोलली, आणि मग हळूच, शेठला ऐकू जाणार नाही असं, 'तू ते फुलांचं काय करतो ना रे? माझ्या फुलाचा कायतरी ठेव.' सहा सकाळी त्याला मिळाल्या. साडेसहाला तो अंगणात हजर, काडेपेटीत पूड घेऊन सायकल अशी मारायचा की धामणकर नाक्यावरचे रिक्षावाले शिव्या घालायचे, आणि घरी येऊन त्याची ती काल्हेरच्या नर्सरीतून आणलेली पिवळी जास्वंद, साधीसुधी, एकेरी, पण बोंड धरणारी, तिच्या फुलांना लावायचा. सातव्या सकाळी अंगणात नुसता बुंधा होता आणि बाजूला फांद्यांचा ढीग. ढिगातल्या कळ्या तशाही उमलल्या होत्या, आडव्या पडून. हे त्यानं बघितलं आणि तो मागच्या मागं परत फिरला होता.

आता इथं एक चूक झाली होती, आणि ती त्यानं कुणाला सांगितली नव्हती. त्या सहा दिवसांत तो हावरटासारखा वागला. नुसती खदीजाबीची पूड लावून थांबला असता तर प्रश्नच नव्हता. पण हात शिवशिवत होते, थंडी पडलेली, बोंडं धरायचा मोसम, म्हणून त्याच पिवळीच्या काही फुलांना त्यानं विहाराजवळच्या लाल जास्वंदीची पूड लावली आणि काहींना दवाखान्याच्या आवारातल्या गुलाबीची. कुठल्या फुलाला काय लावलं हे कळायला देठाला दोरा बांधला. दोरा त्याच्याकडं कमी होता होय? खदीजाबीचं असेल त्याला गुलाबी, लालचं असेल त्याला हिरवा, गुलाबीचं असेल त्याला निळा. काय सुंदर गाठी मारल्या होत्या! तार सांधणाऱ्याच्या गाठी, सुटायचं नाव नाही. आणि दोरे कुठले? कारखान्यातले. वेगवेगळ्या जातीचं सूत एकमेकांत मिसळू नये म्हणून त्याला फिका गुलाबी, फिका हिरवा असा रंग मारलेला असतो, नुसती खूण म्हणून. तो रंग मुद्दाम कच्चा असतो. कापड धुतलं की निघून जावा, म्हणूनच तसा असतो. सात वर्षं दिवसातले बारा तास तेच सूत बोटांत धरलं होतं त्यानं, आणि तेच विसरला! जाईबाई झाडांना पाणी घालायची ते डोक्यावरून, बालवाडीतल्या पोरांना आंघोळ घालावी तसं. सात दिवसांत सगळे दोरे पांढरे. नऊ फुलांतली चार बोंडं टिकली. चारही बोंडांच्या देठाला चार पांढरे दोरे, एकसारखे, आणि त्याच्या त्या सुंदर गाठी. तो तिथं डब्यांमध्ये मांडी घालून बसला आणि दोरे जिभेला लावून बघितले. खरंच. रंगाची चव लागते का बघत होता.

चार बोंडांच्या बिया एकत्र झाल्या, बारा रोपं जगली, बारा डबे. त्यांत खदीजाबीच्या झाडाची किती? चार असतील, सहा असतील, एकही नसेल. आणि हे सगळं माहीत असताना तो दोन महिन्यांनी तिला काय म्हणाला? ती नव्या शेडच्या दाराशी बसलेली, आत नवे आठ लूम धडाधडा चालू, बोललेलं ऐकू येईना, म्हणून तिनं हातानंच विचारलं, दोन बोटं जमिनीपासून वर नेत, काय, उगवलं का? आणि त्यानं मान हलवली. तेवढंच. मग ती पुढं वाकून कानाशी ओरडली, 'माझ्या झाराचाच ना?' आणि तो ओरडून म्हणाला, 'हो चाची, तुमच्या झाडाचंच लेकरू!' लूमच्या आवाजात खोटं बोलायला फार सोपं जातं, ओरडून बोललं की खरंच वाटतं. त्यानंतर दीड-पावणेदोन वर्षं दर आठवड्याला तीच विचारपूस. केवढा झाला? पानं कशी हायत? पान्यात खत टाक जरा, मच्छीचा पानी टाक. आणि तो सांगत गेला, एवढं झालं, तेवढं झालं, जणू बारा रोपांतलं एक त्यानं ओळखून ठेवलंय.

कळीला चीर पडली त्या दिवशी कामावर त्याच्या हातून तीनदा तार चुकली. एरवी तो आंधळ्यासारखा काम करायचा, बोटं आपोआप चालायची, अंगठा आणि तर्जनी, पीळ, ओढ, पुढची. आज बोटं मध्येच थांबायची आणि तो बघत राहायचा. समोर तीन हजार पांढऱ्या तारा ताणलेल्या, त्यांच्यावर पत्र्याच्या भोकातून पडलेली उन्हाची एक तिरीप, आणि त्या तिरिपेत उडणारे सुताचे कण, आणि त्याला त्या सगळ्यात कळीची ती रेघ दिसायची. आता किती उघडली असेल? आई पाणी घालताना धक्का तर लावणार नाही? शेजारच्या बोकडानं तोंड घातलं तर? मग एकदम खदीजाबीचं तोंड. मग परत रेघ. भीती वाटत होती हे खरं, पण ती भीती अशी की लग्नाच्या आदल्या दिवशी नवरदेवाला वाटते. आत कुठंतरी मजा वाटत होती. आपण काहीतरी केलंय आणि उद्या ते जगाला दिसणार. जगात नव्हतं ते. त्याच्या बापानं आयुष्यभर गोदामात गोणी उचलल्या, त्याचं नाव कुठल्या गोणीवर राहिलं नाही. त्यानं स्वतः किती लाख गाठी मारल्या असतील, सगळ्या कापडात गेल्या, कुणाच्या पायजम्यात आहेत कोण जाणे. आणि हे एक फूल. बाकी कुणाचं नाही. 'दवल्या, गाठ मार रं, मूर्ती बनवून ठेवलीय का कुनी तुझी?' लूमपलीकडून नवशा ओरडला. दौलत ओरडला, 'उद्या सुट्टी घेतोय!' 'कशाला?' 'बाळंतपण आहे!' सगळी रांग हसली. तोही हसला, आणि हसता हसता त्यानं ठरवलं की उद्या फूल जर थोडं जरी धुरकट असलं तर आपण काही बोलायचं नाही. द्यायचा डबा, म्हणायचं घ्या चाची, तुमचं. आणि पुढच्याच तारेला त्याचं त्यालाच वाटलं, आणि नसलं तर?

पहाटे तो डब्यासमोर पाट टाकून बसला. फूल उमलताना दिसत नाही. तो टक लावून बघत होता तरी दिसलं नाही, फक्त दर वेळी पापणी मिटून उघडली की थोडं जास्त उघडलेलं असायचं. पहिली पाकळी सुटली ती सुरकुतलेली, ओल्या फडक्यासारखी. मग दुसरी. मग हळूहळू इस्त्री केल्यासारख्या सगळ्या पाचही ताणल्या गेल्या आणि पत्र्यावरचं ऊन घसरून नेमकं त्यावर आलं. रंग विटेचा होता. म्हणजे भट्टीत गेलेली वीट नाही आणि कच्ची मातीही नाही, मधली, ओली, पहिल्या आगीत जरा लालसर झालेली. तसल्या रंगाचं फूल त्यानं पुस्तकातसुद्धा बघितलं नव्हतं. कडा पिवळ्या, पण झालर नाही, जरा कातरलेल्या. पाकळीभर शिरा, पांढऱ्या, सुतासारख्या बारीक. आत गर्द, काळपट लाल. धूर? धूर म्हणावा असं काही नव्हतं. पण विटेच्या रंगातच कुठंतरी राखाडी मिसळलेलं होतं का? तो एका डोळ्यानं बघायचा, मग दुसऱ्या. आहे. नाही. आहे. आई मागं येऊन उभी राहिली होती. तिनं पदर तोंडाला लावला आणि म्हणाली, 'अरे, हे तू केलंस?' आणि त्या एका प्रश्नानं त्याच्या डोळ्यांत पाणी आलं, कारण आजपर्यंत आईनं त्याला 'काय करतोस' असंच विचारलं होतं, 'केलंस' असं कधी विचारलं नव्हतं. 'मी केलं,' तो म्हणाला. 'म्हणजे, झाडानं केलं. पण मी.'

रिक्षा पावणेनऊला आली. नाल्याच्या फळीवरून खदीजाबीला हाताला धरून आणावं लागलं, मागून शेठचा पोरगा छत्री घेऊन, तिनं त्याला रिक्षातच बसायला पाठवला. काळा बुरखा, डोक्यावरून सरकलेला, पायात नव्या चपला, नव्या घरासाठी घेतलेल्या. जाईबाईनं पाट पुसून दिला. 'बसा भाभी.' 'बसते, बसते. कुठं हाय तो?' दौलतनं बोट दाखवलं. म्हातारी फुलासमोर बसली आणि बघत राहिली. बराच वेळ. तिनं बोटाच्या टोकानं पाकळीची कडा उचलली, आत वाकून बघितलं, नाक लावलं. दौलत तिच्या तोंडाकडं बघत होता. त्याला आयुष्यात इतकी वाट कुणाच्या बोलण्याची बघावी लागली नव्हती. 'अल्ला, काय रंग हाय,' ती म्हणाली. 'शेठनी बघितला असता तर येडा झाला असता.' मग वर बघितलं. 'दवलत, हा माझ्या झाराचा हाय ना?'

आता नुसतं हो म्हणायचं होतं. इथं लूमही नव्हते. त्याच्या जिभेवर हो आलेलं होतं, अगदी टोकाला, आणि ते खोटंही नव्हतं पुरतं, असेलही कदाचित. पण तिच्या डोळ्यांकडं बघितलं आणि त्याला कळलं की ती हे फूल बघत नाहीये, ती या फुलात दुसरं फूल शोधतेय, आणि आपण हो म्हटलं की ती आयुष्यभर इथंच शोधत राहील. आणि दुसरं एक, जरा लाजिरवाणं. त्याला हे फूल द्यायचं नव्हतं. हे त्याचं होतं. 'चाची,' तो म्हणाला, 'मला माहीत नाही.' 'म्हंजे?' 'म्हणजे दोरे बांधले होते खुणेचे. गुलाबी तुमचा होता. पण दोरा कारखान्यातला होता, खुणेच्या सुताचा. पाणी लागलं, सगळे पांढरे झाले. आता कुठलं रोप कुणाचं, काही सांगता येत नाही. तुमचं यात असेल, नसेलही. मी तुम्हाला दीड-पावणेदोन वर्षं खोटं सांगत होतो.' जाईबाईनं हातातला कप खाली ठेवला. खदीजाबी त्याच्याकडं बघत होती, तोंड अर्धवट उघडं. 'खुणेच्या सुताचा?' ती म्हणाली. 'दोरा?' 'हो.' 'फुलाला बांधला? आनि वरशी पानी मारला?' 'पाणी आईनं मारलं.' 'माझं नाव घेऊ नको,' जाईबाई म्हणाली. आणि म्हातारी हसायला लागली. आधी बुरख्यातल्या बुरख्यात, मग मोठ्यानं, गुडघ्यावर हात मारत. 'अरं या खुदा! चालीस वरसां सुताच्या घरात काढली मी! लहान पोराला पन ठावा हाय, तो रंग र्‍हायाचा न्हाय! आनि तू सांधनार, तू!' तिचं हसणं थांबेना, रिक्षातून नातू डोकावून बघायला लागला. दौलतला मार बसला असता तरी चाललं असतं. 'मालक सांगत, कामगार सगला शिकतो, पन सूत शिकायचा र्‍हातोच,' असं म्हणत तिनं डोळे पुसले. ते पुसणं हसण्याचंच होतं का, ते दौलतला कळलं नाही.

'बारा हायत बोल्ला?' तिनं विचारलं. 'बारा. हे एकच फुललंय. तिसऱ्याला आणि दहाव्याला बारीक कळ्या आहेत. बाकीच्यांना काही नाही.' ती उठली. त्याचा हात झटकून एकटीच डब्यांमधून चालत गेली. कळ्यांची रोपं बघितली, पुढं गेली. हंड्यातल्या रोपाशी थांबली, पान उलटून बघितलं. शेवटी एका तेलाच्या डब्यासमोर येऊन उभी राहिली. त्यातलं रोप सगळ्यांत किरटं, गुडघ्याएवढं, पानं बारकी. 'हा दे.' 'चाची, हे नको. हे रडत रडत वाढतंय, याला वर्षभर कळी येणार नाही. हे फुललेलं घ्या.' द्यायचं नव्हतं, तरी तो हे बोलला. 'त्याचा रंग तर समजला,' खदीजाबी म्हणाली. 'तो तुझा हाय. मना तो दे ज्याचा अजून कायपन समजला न्हाय.' 'आणि उद्या साधं लालच निघालं तर?' 'तर निघू दे. तवापरत मी बघत र्‍हाईन ना रे. तिथं चौथ्या माल्यावर काय बघायचा हाय मना, दुसऱ्या बिल्डिंगी?' तिनं चहा घेतला, बशीतून, घाई न करता. जाईबाईनं डब्याला बाहेरून जुनी साडी गुंडाळून दिली, पत्रा गंजलेला होता, बुरख्याला डाग पडला असता. पाणी किती, ऊन कुठल्या बाजूचं, गॅलरीत ठेवलं तर वारा लागेल का, सगळं दोघींनीच ठरवलं, त्याला कुणी विचारलं नाही. रिक्षात बसल्यावर तिनं डबा मांडीवर घेतला. नातू म्हणाला, 'दादी, पाँव के पास रखो ना.' 'चूप बैठ,' ती म्हणाली, आणि रोपाचा शेंडा टपाला लागू नये म्हणून त्यावर हात धरला.

रिक्षा गेली आणि दौलत परत आत आला. आई कप धूत होती, जाता जाता तिनं त्याच्या डोक्यावरून ओला हात फिरवला. फूल आता पुरं ताणलं होतं. मधला दांडा बाहेर आला होता आणि त्यावरची पूड सुटी झाली होती, नुसता श्वास लागला तरी उडेल अशी. तो बघत होता आणि त्याच्या छातीत परत ती लूमची खडखड सुरू झाली. हे फूल आजचाच दिवस. संध्याकाळी मिटणार, उद्या गळणार. पूड आज आहे, ताजी, सोनेरी, भरपूर. आणि लावायला समोर एकही फूल नाही. पिवळीनं नेमकी आजच दांडी मारलेली, तिच्यावर उद्याच्या कळ्या. बाकी डब्यांत नुसती पानं, नाहीतर बारीक कळ्या. विटेच्या रंगाला पांढऱ्यात मिसळलं तर? लालात? कुणाकडं ती दुहेरी शेंदरी आहे म्हणत होतं? काडेपेटी शोधायलाही तो थांबला नाही. बोट साबणानं घासलं, शर्टाला पुसलं, दांड्यावरून एकदा वरून खाली ओढलं. बोट पिवळंधमक. दुसऱ्या हाताची मूठ त्यावर झाकली आणि नाल्याची फळी दोन उड्यांत पार करून तो पळत सुटला. 'चप्पल!' आई ओरडली. चप्पल राहिलीच. नाक्याच्या अलीकडं, पिठाच्या गिरणीमागं जी बैठी घरं होती तिथं कुंपणावरून हिरवं डोकावताना त्यानं कधीतरी बघितलं होतं. पहिल्या दाराला कुलूप. दुसऱ्या दारात म्हातारा म्हणाला, तुळस आहे, चालेल का? तिसरं दार एका बाईनं उघडलं, केस बांधत, कडेवर पोर. अनवाणी, घामाघूम, आणि एक बोट मुठीत धरलेला हा माणूस बघून ती अर्धं दार लोटायला लागली. 'ओ ताई, थांबा, थांबा,' दौलत धापा टाकत म्हणाला, 'तुमच्याकडं जास्वंद आहे ना? आज उमललीय का एखादी?'

'हाय की. पूजेला पायजे का?'

'नाही हो. तोडत नाही. नुसतं बोट लावतो.'

बाईनं त्याला वरपासून खालपर्यंत बघितलं, मग त्या मुठीकडं बघितलं. 'मागल्या दारी हाय,' ती बाजूला होत म्हणाली. 'पाय धुऊन ये.'